कंबर, प्रारब्ध आणि उपचाराचा धर्म

वाकून ओझे उचलताना, आणि कधी कधी काहीही न उचलता नुसते शिंकतानासुद्धा, कंबरेच्या खालच्या भागात एकाएकी तीव्र कळ येऊन माणूस जागच्या जागी खिळतो, तेव्हा त्या अवस्थेला वैद्यकात तीव्र कटिशूल म्हणतात; लोकव्यवहारात तिलाच कंबर धरली, कंबर लचकली, उसण भरली किंवा चमक भरली अशी नावे आहेत. ही व्याधी सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून मृत्यूचा किंवा असाध्य रोगाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. तथापि तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी दीर्घकाळ खंगत जाणाऱ्या रोगात इतक्या स्वच्छपणे दिसत नाही: क्षणापूर्वी धडधाकट असलेला मनुष्य क्षणानंतर स्वतःच्या पायात चप्पल घालू शकत नाही, आणि या दोन क्षणांच्या मध्ये त्याने काही मोठे पाप, प्रमाद किंवा धाडस केलेले नसते. त्यामुळे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. हे याच माणसाच्या वाट्याला का आले, हा एक; आणि आता त्याने काय करावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला प्रारब्ध हे तयार उत्तर समाजात फार पूर्वीपासून उपलब्ध आहे आणि त्या उत्तराची सावली दुसऱ्या प्रश्नावर पडत आली आहे. ज्या परंपरेच्या नावाने हे उत्तर दिले जाते, तिच्याच आधारग्रंथांनी दुःखाचे खापर एकट्या प्रारब्धावर फोडण्यास हरकत घेतलेली आहे, आणि उपचार शोधणे हा श्रद्धेचा भंग नसून कर्तव्याचा भाग मानलेला आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाचा विचार रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या संदर्भात करण्यास दुहेरी कारण आहे. येथील पुष्कळशी उपजीविका कंबर वाकवून मिळते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या परिसरात गणपतीचे कारखाने आहेत. तेथे कारागीर जमिनीवर बसून तासन्‌तास साचे भरतात, रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करतात, आणि भाद्रपद जवळ आला की तयार मूर्ती, मातीच्या व प्लास्टरच्या गोण्या आणि भरलेले टेम्पो यांच्या चढउतारात त्यांच्या पाठीचा कस लागतो. खाडीकाठच्या मिठागरांत वाकून मीठ ओढणे आणि टोपली डोक्यावर घेणे, आषाढात गुडघाभर चिखलात राबातील रोपे उपटून भाताची लावणी करणे, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पिंपे आणि पोती हलवणे, या सर्व कामांत शरीराचा भार पाठीच्या कण्याच्या शेवटच्या दोन-तीन सांध्यांवर येतो. दुसरे कारण वैचारिक आहे. विसाव्या शतकात भगवद्गीतेला सामान्य माणसाच्या दैनंदिन आचारात आणण्याचा यत्न ज्यांनी केला, त्यांपैकी दोन थोर पुरुष याच भागातले आहेत: विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोहा येथे. ज्या मातीत कंबर मोडते त्याच मातीतून कर्मयोगाचे दोन भाष्यकार निघावेत, हा योगायोग असला तरी तो अभ्यासकाच्या सोयीचा आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे, कारण तत्त्वचर्चा पुष्कळदा वस्तुस्थिती न पाहताच सुरू होते. कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, म्हणजे बाहेरून चिवट आणि आतून मऊ असलेली गादी. त्यांच्याभोवती स्नायू, अस्थिबंध आणि पायाकडे जाणाऱ्या नसांची मुळे असतात. अचानक कंबर धरते तेव्हा यांपैकी नेमके काय दुखावले हे दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत निश्चितपणे सांगता येत नाही, आणि म्हणूनच आधुनिक वैद्यक अशा दुखण्याला विशिष्ट कारण नसलेली कंबरदुखी म्हणते. चकती सरकून नसेच्या मुळावर दाब आला तर कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. आयुर्वेदात तिला गृध्रसी आणि बोलीत सायटिका हे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाला कामास अक्षम करणाऱ्या कारणांत तिचा क्रम पहिला लागतो. यात दिलासा देणारी बाब अशी की अचानक उद्भवलेले बहुतेक दुखणे काही आठवड्यांत आपोआप पुष्कळ कमी होते. ही शेवटची बाब पुढील विवेचनात वरवर दिसते त्यापेक्षा फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता प्रारब्धाकडे वळावे. वेदान्तात कर्माचे तीन प्रकार सांगितले जातात: अनेक जन्मांत साठलेले ते संचित, त्यांपैकी या देहात फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध, आणि या क्षणी घडत असलेले ते क्रियमाण. धनुष्यातून सुटलेला बाण परत घेता येत नाही तसे प्रारब्ध भोगूनच संपते, हा दाखला सर्वपरिचित आहे. पण तो ज्ञानी पुरुषाचा देह ज्ञान झाल्यानंतरही का टिकतो, या अगदी वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल दिलेला होता. दुखणाऱ्या कंबरेला शेक द्यावा की देऊ नये, याचा निकाल त्यावरून लावणे म्हणजे एका खटल्यातील पुरावा दुसऱ्या खटल्यात दाखल करण्यासारखे आहे.

हा प्रश्न ज्यांच्या पुढ्यात रोज येत असे त्या वैद्यांनी मात्र त्याचा थेट विचार केला. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयांना, विचारतो की आयुष्याचे प्रमाण ठरलेले असते की नसते. आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते. पूर्वदेहात जे केले ते दैव, या देहात जे केले जाते तो पुरुषकार, आणि या दोहोंत जे बलवान असेल ते दुबळ्याला हटवते. सर्वच काही आधी ठरलेले असते तर कोणी औषधे, मंत्र किंवा पथ्ये यांच्या मागे लागले नसते आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कारण उरले नसते, असा रोकडा युक्तिवाद तेथे आहे. पुढे आत्रेय गाडीच्या आसाचा दाखला देतात: चांगल्या लाकडाचा आस योग्य रीतीने वापरला तर आपल्या गुणांनुसार झिजून यथाकाल निकामी होतो, पण तोच आस अतिभाराने, खाचखळग्यांच्या वाटेने, आडरानात घातल्याने, चाक मोडल्याने किंवा हाकणाऱ्याच्या चुकीने अकालीच मोडतो. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ ते नागोठणे या पट्ट्यातून पावसाळ्यात दुचाकीवरून रोज जाणाऱ्याला हा दाखला समजावून सांगण्याची गरज पडू नये. आत्रेयांच्या म्हणण्यातील तात्त्विक मुद्दा असा की आस अकाली मोडला याचे कारण शोधताना लाकडाच्या गतजन्मापेक्षा रस्ता आणि ओझे आधी पाहावे लागतात.

याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात वातव्याधींची कारणे दिली आहेत, आणि कंबरेचे व पाठीचे जखडणे आयुर्वेदात वाताच्याच विकारांत मोडते. त्या यादीत अति चालणे, उड्या मारणे, अतिव्यायाम, शरीराच्या वेड्यावाकड्या हालचाली, त्रासदायक बिछाना व आसन, हत्ती, उंट, घोडा किंवा वेगवान वाहन यांवरून पडणे, आणि त्याबरोबरच चिंता व शोक यांचा उल्लेख आहे. चरकाला पापकर्म हे रोगाचे कारण मान्यच नव्हते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुष्ठाच्या कारणांत त्याने ते घातले आहे आणि कर्माचा क्षय होईपर्यंत औषधाला दाद न देणारे रोगही त्याने मानले आहेत. परंतु वैद्याने पहिल्याच भेटीत कर्माकडे बोट दाखवावे अशी त्याची शिकवण नाही. चिकित्सेचे त्याने तीन प्रकार केले: मंत्र, मणी, होम, उपवास इत्यादींवर आधारलेली दैवव्यपाश्रय, आहार व औषध यांच्या विचारपूर्वक योजनेची युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरण्याची सत्त्वावजय. या तिन्हींना एकत्र स्थान देणाऱ्या ग्रंथाला केवळ दैववादी म्हणता येत नाही आणि केवळ जडवादीही म्हणता येत नाही.

बौद्ध परंपरेत याहून स्पष्ट विधान सापडते. पाली संयुत्तनिकायातील एका सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच असते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय. बुद्ध वेदनांची आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतूंचा पालट, शरीराची विषम काळजी, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्माचा विपाक. जे सर्व काही पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःला दिसणाऱ्या आणि जगात मान्य असलेल्या सत्याच्या पलीकडे धाव घेतात, असा त्याचा निर्णय आहे. कर्मसिद्धान्ताच्या एका प्रमुख प्रवर्तकाने कर्माला आठांतले एक स्थान द्यावे, ही गोष्ट महाराष्ट्रातील कीर्तन-प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातही असेच गणित आहे. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे लागतात: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे इंद्रिये व साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. मीच एकटा करणारा आहे असे समजणाऱ्याची बुद्धी अपुरी, असे गीता त्यानंतर म्हणते. त्याच न्यायाने एकटे दैवच करणारे आहे असे समजणाऱ्याची बुद्धीही चार कारणांनी अपुरी ठरते. साचा उचलताना कंबर धरली तर देहाची ठेवण, उचलणाऱ्याची घाई, गोणीचे वजन आणि पीळ देऊन वळण्याची सवय, ही चारही कारणे हाताशी असताना पाचव्यापाशी थेट उडी मारण्याला गीतेचा आधार मिळत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन ताप वेगळे केले आहेत आणि शरीरात उद्भवणाऱ्या रोगांची लांबलचक यादी त्यांनी आध्यात्मिक तापाच्या समासात घातली आहे; आध्यात्मिक म्हणजे येथे देह, इंद्रिये व प्राण यांच्या ठिकाणी होणारा. केलेल्या कर्मांची यमयातना ही आधिदैविक तापात येते, आणि तिचा समास वेगळा आहे. दासबोधाची रचना जेथे झाली असे परंपरा मानते ती शिवथरघळ याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे.

विनोबांच्या चरित्रात या प्रश्नाची तीन प्रत्यक्ष रूपे आढळतात, आणि तीनही वेळा निर्णय वेगळा आहे. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती इतकी खालावली की वजन ४० किलोच्या आसपास आले. गांधीजींनी वैद्यकीय इलाजाचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी काही काळ मागून घेतला, वर्ध्याजवळच्या पवनार येथे धाम नदीकाठी मुक्काम हलवला, डोक्यातील सर्व कामांचा भार बाजूला ठेवला आणि मोकळ्या हवेत कुदळीने खणण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी काही मिनिटे आणि मग हळूहळू अधिक, अशा क्रमाने. त्यांचे वजन पुढे पुष्कळ वाढले. दुसरा प्रसंग भूदानयात्रेतला: डिसेंबर १९५२ मध्ये, त्या वेळच्या बिहारातील चांडिल येथे, त्यांना तीव्र हिवताप झाला. प्रथम त्यांनी औषध नाकारले, देशभर काळजी पसरली, आणि अखेर इतरांच्या विनंतीला मान देऊन त्यांनी औषध घेतले व ते बरे झाले. तिसरा प्रसंग सर्वज्ञात आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथेच देह ठेवला.

शेवटच्या प्रसंगाच्या तेजामुळे पहिले दोन झाकले जातात, आणि विनोबा म्हणजे औषध नाकारणारा संत अशी एक सोपी प्रतिमा तयार होते. ती अपुरी आहे. चांडिलला ज्या माणसाने औषध घेतले त्याच्यापुढे देशभर चालायचे बाकी होते. १९८२ मध्ये पवनारला ज्याने ते नाकारले त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले होते. म्हणजे औषध घ्यावे की नाही याचे उत्तर त्यांनी औषधाच्या स्वरूपावरून किंवा प्रारब्धाच्या सिद्धान्तावरून काढलेले दिसत नाही. देहाचे काही कार्य उरले आहे की नाही यावरून काढलेले दिसते. चाळिशीतील मूर्तिकाराने किंवा लावणीला जाणाऱ्या दोन मुलांच्या आईने आपल्या कंबरदुखीसाठी पवनारचे उदाहरण घेणे म्हणूनच चुकीचे ठरते. त्यांच्यासाठी चांडिल आहे. आणि १९३८ ची कुदळ तर आहेच, कारण थोड्यापासून आरंभ करून हालचाल क्रमाने वाढवणे हाच उपाय आजचे चिकित्सकही कंबरेसाठी सांगतात.

आठवले यांची दिशा वेगळी, पण जाऊन मिळते ती येथेच. मुंबईत माधवबागेत त्यांच्या वडिलांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या श्रीमद्भगवद्गीता पाठशाळेतून त्यांनी जे प्रवचनकार्य केले त्यातून स्वाध्याय परिवार उभा राहिला; त्यांना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. परमेश्वर माणसाच्या आत वास करतो, देह चालवतो, आणि म्हणून सकाळी उठताना स्मृती देणारा, जेवताना शक्ती देणारा व झोपताना शांती देणारा म्हणून त्याचे त्रिकाळ स्मरण करावे, ही त्यांच्या शिकवणुकीची मध्यवर्ती कल्पना. तिचा कंबरदुखीशी लावलेला संबंध हा येथे काढलेला निष्कर्ष आहे: देह जर अंतर्यामीचे निवासस्थान असेल, तर त्याची डागडुजी टाळणे याला भक्ती म्हणता येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राला सोडून शरीराला आणि त्यात राहणाऱ्या ईश्वराला कष्टवणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, ते याच अर्थाने वाचता येते.

उपचार शोधावा हे मान्य केल्यावर कोणता, हा प्रश्न येतो, आणि येथे तत्त्वज्ञानाच्या ज्ञानमीमांसा या शाखेचे, म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कसे कळते या विचाराचे, काम सुरू होते. कोकणातील आणि घाटावरील अनेक गावांत उसण भरली की पायाळू व्यक्तीला, म्हणजे जन्मताना जिचे पाय प्रथम बाहेर आले अशा व्यक्तीला, बोलावून दुखऱ्या कंबरेला तिचा पाय लावून घेतात. कोणी भगताकडे जाऊन अंगारा आणतो, कोणी हाडवैद्याकडून मालीश करून घेतो, कोणी रोह्याच्या धावीर महाराजांना नवस बोलतो, कोणी निर्गुंडीच्या पाल्याचा शेक घेतो, आणि कोणी दवाखान्यात जाऊन वेदनाशामक सुई टोचून घेतो. यांपैकी बहुतेकांना काही आठवड्यांत गुण येतो. कारण उघड आहे: दुखणे बहुधा आपोआपच कमी होणार असते, आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो कळ परमावधीला पोचली असताना, म्हणजे त्यानंतर ती उतरण्याचीच शक्यता अधिक असताना. भारतीय परंपरेत अशा योगायोगाला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. नैयायिकांनी कार्यकारणभाव ठरवताना अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असताना कार्य असणे आणि कारण नसताना कार्य नसणे, या दोन्ही कसोट्या मागितल्या त्या यासाठीच. पायाळूचा पाय लागलेले बरे झाले हा अन्वय झाला. पाय न लागलेले किती बरे झाले हे मोजणारा मात्र गावात कोणी नसतो.

ही कसोटी एकट्या पायाळूला लावून थांबणे पक्षपाताचे होईल, कारण ती दवाखान्यातील यंत्रांनाही लागू आहे. पेण-रोह्याकडून पनवेल-नवी मुंबईला जाऊन कंबरेचा एमआरआय काढून आणला आणि त्यात चकती फुगलेली दिसली की सापडले कारण, असा समज रुग्णात आणि काही वेळा चिकित्सकातही दृढ होतो. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय पाहण्यात आले, तेव्हा सर्व चकत्या निर्दोष असलेले जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक निघाले. चकतीचा फुगवटा असूनही वेदना नाही, असे हे अन्वयाचे अपयश आहे. सक्तीच्या विश्रांतीचीही तीच गत झाली. फिनलंडमधील हेलसिंकी येथे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन गट केले होते. एकाला दोन दिवस बिछान्यात पडून राहायला, दुसऱ्याला ठराविक व्यायाम करायला आणि तिसऱ्याला सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले, आणि तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. फळीवर किंवा जमिनीवर आठवडाभर उताणे पाडून ठेवण्याचा घरोघरचा सल्ला त्यानंतर वैद्यकाने सोडला आहे; घरांनी अजून सोडलेला नाही.

मग श्रद्धेला स्थान कोणते? पायाळूच्या पावलाने किंवा धावीर महाराजांच्या नवसाने धीर येत असेल, भीती ओसरत असेल आणि त्यामुळे माणूस हलू-चालू लागत असेल, तर तो परिणाम खोटा नाही; भीतीने जखडलेली कंबर अधिक जखडते हे आधुनिक वेदनाशास्त्रही मानते, आणि चरकाने चिंता-शोकांना वातव्याधीच्या कारणांत बसवले होतेच. हरकत तेव्हा येते, जेव्हा धीर देणारी गोष्ट निदानाची जागा अडवते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. कंबरेला पाय लावणे त्यात येत नाही आणि येण्याचे कारणही नाही. पण कायद्यामागील विवेक, म्हणजे मंत्र म्हणा पण रुग्णालयाची वाट अडवू नका, येथेही पुरेसा आहे.

उपचाराने सर्व दुःख जाते असे मात्र नाही, आणि सहनशीलतेचे प्रकरण येथे सुरू होते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेच्या आरंभीच अशी शंका आहे की दुःख घालवण्याचे दृश्य उपाय उपलब्ध असताना तत्त्वज्ञानाची जिज्ञासा कशाला, आणि उत्तर असे की दृश्य उपायांनी दुःख खात्रीने आणि कायमचे जात नाही. कंबरदुखी याचे उत्तम उदाहरण आहे, कारण ती एकदा गेली तरी पुष्कळांना पुन्हा गाठते. तथापि सांख्यांनी दृश्य उपाय निरुपयोगी ठरवले नाहीत. त्यांची मर्यादा सांगितली. गीतेतील तितिक्षेचा, म्हणजे शीत-उष्ण व सुख-दुःख येतात आणि जातात हे जाणून ते सोसण्याचा उपदेशही असाच वाचला पाहिजे. जे टाळता येते ते सोसण्यात तितिक्षा नाही, आळस आहे किंवा दारिद्र्य आहे. जे उपचारानंतर उरते ते सोसण्यात ती आहे. बुद्धाने याच संयुत्तनिकायात दोन बाणांचा भेद केला आहे: शरीराची वेदना हा पहिला बाण, आणि त्या वेदनेवर मनाने केलेला आक्रोश, आता आपले कसे होणार, आपण कायमचे अधू झालो, हा दुसरा. पहिला बाण प्रत्येकाला लागतो. दुसरा अभ्यासाने चुकवता येतो. रात्री कूस बदलताना उठणाऱ्या कळेला अपंगत्वाची सुरुवात समजणारा रुग्ण हा दुसरा बाण स्वतःच ओढवून घेत असतो, आणि आपले दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरेल ही साधी माहिती मिळाली तरी तो बाण पुष्कळसा बोथट होतो.

प्रारब्ध हा शब्द कोणी कोणाबद्दल उच्चारायचा, याला नैतिक महत्त्व आहे. शक्य ते सर्व केल्यानंतर एखादा मनुष्य स्वतःच्या उरलेल्या दुःखाबद्दल प्रारब्ध म्हणतो, तेव्हा तो मनाची शांती मिळवत असतो आणि ती त्याला लाभू द्यावी. पण मिठागरातील मजुराच्या कंबरेबद्दल मिठागराचा मालक, किंवा सुनेच्या पाठीबद्दल घरातील वडीलधारे, तोच शब्द वापरतात तेव्हा ते स्वतःच्या जबाबदारीतून सुटका करून घेत असतात. सिद्धान्त एकच, पण बोलणारा बदलला की त्याचा अर्थ उलटतो. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा, दुखापत कामातून आणि कामाच्या ओघात झाली की नाही एवढेच विचारत असे. कामगाराच्या पूर्वजन्माची चौकशी करत नसे. या एका बाबतीत ब्रिटिशांचा कायदा आणि चरकाचा आस यांचे एकमत होते. पतंजलींनी योगसूत्राच्या दुसऱ्या पादात सांगितले की टाळायचे ते अजून न आलेले दुःख. झाले ते होऊन गेले, चालू आहे ते भोगले जात आहे, पुरुषकाराला वाव आहे तो येणाऱ्यात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, एका माणसाने दोन्ही हातांनी उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. जमिनीवरून, वळून किंवा वारंवार उचलायचे असेल तर ती आणखी खाली येते. ५० किलोच्या पोत्यापुढे एकट्या हमालाला उभे करणारा प्रत्येक कारखाना आणि प्रत्येक गोदाम न आलेले दुःख दारात बोलावत असते.

म्हणून पेण आणि रोहा तालुक्यांतील कारखानदारांनी, बागायतदारांनी आणि घरातील कर्त्या माणसांनी पुढच्या हंगामाआधी एवढे करावे: जड गोणीला दोन माणसे द्यावीत, बसून करायच्या कामाला उंच फळी आणि मधून मधून उठण्याची मुभा द्यावी, आणि कंबर धरलेल्या माणसाची मजुरी पहिल्या दिवसापासून तोडू नये. रुग्णाने स्वतः सोसेल तेवढे चालते-फिरते राहावे, आणि काही आठवड्यांत उतार पडला नाही तर चिकित्सकाला दाखवावे. मात्र काही लक्षणे वाट पाहण्याची नव्हेत. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, शौचाचे भान राहिले नाही, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता आली, पायातील शक्ती कमी होत चालली, कंबरदुखीबरोबर ताप येऊ लागला, किंवा पडल्यानंतर अथवा अपघातानंतर दुखणे सुरू झाले, तर पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात असलेला नसांचा जुडगा दाबला गेला असण्याची, जंतुसंसर्गाची किंवा मणका मोडल्याची शक्यता असते, आणि नसांवरील दाबाच्या बाबतीत काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो. अशा वेळी वार, मुहूर्त आणि नवस न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे.